शिवपुरीचा बेत

ते एकोणीसशे एकोणसाठ साल. माझी मुलगी सुनंदा त्या जूनमध्ये शाळेत, बिगरीत जायला लागली होती, म्हणून साल चुकत नाही. आम्ही धुळ्याला देवपुरात राहत होतो. पांझरेचा पूल ओलांडला की गावाचा गलबला मागं पडायचा. आमच्या गल्लीत बहुतेक मास्तर आणि कचेरीतले कारकून. दोन खोल्या, मागं पडवी, पडवीत चूल आणि एक रॉकेलचा स्टोव्ह. आमचे हे, लीलाधर मास्तर, हायस्कुलात भूगोल शिकवायचे. घरात माझी सासू तानुबाई, धाकटी जाऊ कुंदा, सुनंदा आणि आम्ही दोघं. त्या रविवारी सकाळी मी ज्वारी निवडत होते. यांनी खिळ्याला टांगलेला हिंदुस्थानचा नकाशा उतरवला, जमिनीवर पसरला, तो गुंडाळू नये म्हणून चारी बाजूंना वाट्या ठेवल्या आणि तांबड्या पेन्सिलीनं मध्य प्रदेशाच्या वरच्या अंगाला एक ठिपका काढला. म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीत आपण सगळे इथं जायचं. शिवपुरी. तिथलं रान आता राष्ट्रीय उद्यान केलंय, मोठे तलाव आहेत, धबधबे आहेत, वाघ दिसतो. सुनंदानं विचारलं, धबधबा म्हणजे काय. हे उत्साहानं सांगू लागले, आणि माझ्या हातातलं सूप एकीकडं कलून ज्वारी मांडीवर सांडली. एवढंसं झालं, बाकी काही नाही. कोणी पाहिलंही नाही. पण त्या क्षणापासून दिवाळीपर्यंत मला एक घास गोड लागला नाही.

कारण मला ठाऊक होतं, हे वाघ बघायला निघाले नव्हते. दोन दिवसांपूर्वी आमच्या गावचे झुलालभाऊ येऊन गेले होते. आमचं मूळ गाव चोपड्याच्या बाजूला, तापीच्या काठी. झुलालभाऊ केळीच्या वॅगनींबरोबर ग्वाल्हेरकडं जायचे. तिकडच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना मोटारीनं शिवपुरीचा तलाव दाखवायला नेलं होतं. ते काठावर पाय धुवायला बसले, तर होड्या बांधणारा एक माणूस लांबून ओरडला, “ओ भाऊ, पाय वर ले, पानीमा मगर शे.” परमुलखात आपली बोली ऐकून झुलालभाऊ दचकले. वळून पाहतात तो माणूस होडीत वाकलेला, दाढी वाढलेली, अंग मात्र जीवरामसारखं, तसाच डावा खांदा खाली. तेवढ्यात मोटारीनं भोंगा दिला आणि बोलायचं राहिलं. हे सगळं त्यांनी ओटीवर बसून यांना हळू आवाजात सांगितलं. मी चहाचे कप घेऊन दाराआड उभी होते. कपबशा वाजू नयेत म्हणून मी बशा कपांखालून काढून काखेत धरल्या होत्या, हे मला आजही आठवतं, आणि काखेला लागलेला त्यांचा गारवाही.

जीवराम म्हणजे माझा धाकटा दीर, कुंदाचा नवरा. सहा वर्षांपूर्वी तो घर सोडून गेला होता. कारण म्हटलं तर अगदी क्षुल्लक. केळीला पाणी भरायची पाळी त्याची होती. तो पाणी तसंच सोडून चोपड्याला कुस्त्या बघायला गेला आणि वाफे फुटून पाणी दुसऱ्याच्या शेतात गेलं. हे तेव्हा सुट्टीवर गावी होते. तो परतल्यावर यांनी त्याला विहिरीवर चार माणसांत थोबाडीत मारली. जीवरामनं गालावरचा चिखल पुसला, पायातल्या वहाणा हातात घेतल्या आणि चालू लागला, तो परत आला नाही. त्यांच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. कुंदा तेव्हा अठरा वर्षांची. यांनी त्यानंतर कुणावर हात उगारला नाही, शाळेतल्या पोरांवरसुद्धा. आईला आणि कुंदाला धुळ्याला आणलं, शेत वाट्यानं लावलं, आणि पुढं कुंदाला शिकवायला सुरुवात केली. ती सातवीची फायनल पास झाली. एकोणसाठ साली ती ट्रेनिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. भासरे, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, आणि भावजय समोरासमोर बोलत नसत, तशी आमच्याकडची रीत. यांना तिला इतिहासातलं काही सांगायचं असलं तरी मध्ये मी बसायचे आणि हे माझ्याकडं तोंड करून पानिपत समजावायचे. कुंदा पदराच्या आत हसायची.

आणि माझं पाप असं, की जीवराम मेला हे मला ठाऊक होतं. किंवा ठाऊक आहे असं मी पाच वर्षं धरून चालले होते.

चोपन्न साली, आषाढात, दुपारी पोस्टमन आला. हे शाळेत, सासूबाई गावी गेलेल्या, कुंदा नदीवर धुणं घेऊन गेलेली. सुनंदा माझ्या पोटात पाच महिन्यांची होती. पोस्टमननं कार्ड नेहमीसारखं दारातून आत टाकलं नाही. दोन बोटांत धरून म्हणाला, बाई, इथं बाहेरच वाचा. मी पाहिलं, कार्डाचा वरचा कोपरा नव्हता. आमच्या माणसांना याहून जास्त काही सांगावं लागत नाही. गेलेल्या माणसाची खबर तशाच कार्डावर येते; ते उंबऱ्याच्या आत न्यायचं नसतं. बाहेर उभं राहून वाचायचं, फाडायचं, गटारात टाकायचं आणि पायावर पाणी घेऊन मग घरात रडायचं. मी लहानपणी माझ्या वडलांना तसं करताना पाहिलं होतं, काकांना पाहिलं होतं. पाहून पाहून हे हातांना येतं, डोक्याला विचारावं लागत नाही. कार्ड हिंदीत होतं, गिचमिड शाईचं. मला त्यात फक्त ‘जीवराम’ एवढं दिसलं आणि डोळे तिथंच थांबले. खालच्या ओळी होत्या. पाच असतील, सहा असतील. मी वाचल्या नाहीत. पोटातली पोर एकदम हलली, आणि माझ्या हातांनी ते कार्ड फाडलं. आधी दोन, मग चार, मग बारीक तुकडे. वाचून फाडायचं असतं. मी फाडून मोकळी झाले. गटाराला पावसाचं पाणी होतं. तुकडे पांढऱ्या फुलांसारखे गेले. मी पायावर पाणी घेत होते तेव्हा कुंदा डोक्यावर ओल्या धुण्याचं घमेलं घेऊन गल्लीच्या तोंडाशी आली. नदीवर कुणाच्या तरी सासूचं लुगडं वाहून गेलं ते सांगत ती लांबूनच हसत होती. तिच्या कपाळावर कुंकू घामानं थोडं पसरलं होतं. मी ठरवलं, जेवण झाल्यावर सांगेन. जेवताना ती दोन भाकरी जास्त जेवली. मग ठरवलं, हे आल्यावर. मग सासूबाई आल्यावर. मग बाळंतपण झाल्यावर. एकदा आठ दिवस गेले की नवव्या दिवशी सांगणं म्हणजे खबर देणं राहत नाही, चोरी कबूल करणं होतं. पुढं पुढं मला वाटू लागलं, कोपरा पोस्टातच फाटला असेल, पेटीत अडकला असेल. रात्री मी तो कोपरा आठवायला जायची. कधी तो कात्रीनं कापल्यासारखा सरळ दिसायचा, कधी दातरलेला. पाहिला एकदाच, तोही क्षणभर, आणि पाच वर्षांत मी तो इतक्यांदा पाहिला होता की खरा कोणता ते माझं मलाच कळेनासं झालं.

त्या पावसाळ्यात आमच्या घरात शिवपुरीशिवाय विषय नव्हता. यांनी निळ्या पुठ्ठ्याची वही केली. रोज शाळेतून आले की तिच्यात काहीतरी चढायचं. धुळ्याहून चाळीसगाव, तिथून भुसावळ, मग इटारसी, भोपाळ, झाशी. झाशीला उतरून मोटारीनं जायचं की तसंच ग्वाल्हेरला जाऊन छोट्या गाडीनं मागं शिवपुरीला यायचं, यावर हे पंधरा दिवस घोळत राहिले. ग्वाल्हेरच्या एका मास्तरांशी पत्रव्यवहार केला. त्यांनी लिहिलं की दिवाळीपर्यंत धबधब्यांना पाणी असतं, पण जितकं लवकर याल तितकं चांगलं. धर्मशाळेला पत्र, उत्तर नाही म्हणून दुसरं पत्र. मी ‘बरं’ म्हणायचे आणि माझ्या कानात पाणी पडायला लागायचं. मी जन्मात धबधबा पाहिला नव्हता. उन्हाळ्यात आमची तापीसुद्धा वाळूतून चोरासारखी जाते. पण मला तो ऐकू यायचा, भाकरी थापताना, पोथी ऐकताना. त्याच्याखाली तलाव, तलावात होडी, होडीत वाकलेला माणूस. तो तोंड वर करणार एवढ्यात माझ्या हातातलं काहीतरी पडायचं. तो जीवराम असला, तर मी पाच वर्षं एका जिवंत माणसाला मनात मेलेला म्हणून बाळगलं, आणि कदाचित त्यानंच बोलावणं धाडलं होतं ते मी गटारात सोडलं. तो नसला, तर हे तिथं चौकशी करणार, कुणीतरी म्हणणार, हो, होता असा एक खानदेशी, चोपन्न सालीच वारला, आम्ही घरी कार्ड टाकलं होतं. दोन्हीकडून ते कार्ड माझ्यापाशीच येऊन थांबत होतं. आणि मध्ये कुंदा. एका बाजूनं तिचं कपाळ पुसलं जाणार होतं. दुसऱ्या बाजूनं तिची पाच वर्षं कुणी खाल्ली ते तिला कळणार होतं.

ह्यांचीही काही वेगळी तऱ्हा नव्हती, हे मला हळूहळू उमगलं. बेत पक्का होत आला की हे स्वतःच त्यात खोट काढत. गाडी बदलायला वेळ कमी पडतो. सुनंदाला थंडी बाधेल. नोव्हेंबरापेक्षा पुढचा पावसाळा संपल्यावर गेलो तर. मी म्हणायची, मग पुढल्या साली जाऊ. त्यावर हे माझ्याकडं असं बघत की जणू मी बाई नसून विहिरीवरच्या त्या चार माणसांपैकी एक आहे. आणि पुन्हा वही उघडत.

श्रावणात कानबाई देवीच्या रोटांसाठी आम्ही गावी गेलो. आमच्याकडं घरातल्या दर पुरुषामागं सव्वा मूठ गहू मोजून घेतात, त्याच्या पिठाचे रोट होतात, आणि ते फक्त कुळातल्यांनीच खायचे. सासूबाईंची नजर अधू झाली होती म्हणून मुठी मी घालायची आणि त्या नाव घ्यायच्या. सासऱ्यांचं नाव ते वारले त्या वर्षापासून गाळलं होतं; मेलेल्याची मूठ देवीच्या रोटात चालत नाही. लीलाधर म्हणाल्या, मी घातली. मग त्या थांबल्या आणि माझ्या मनगटाला हात लावून म्हणाल्या, “मना जीवरामनी मूठ टाकी का वं?” दर वर्षी विचारायच्या. मी दर वर्षी घालायची, आणि जात्यावर बसले की त्यातला त्याचा दाणा कोणता, तो कुणाच्या घासात जाणार, हेच डोक्यात. घराला त्या पाच वर्षांत काही झालं नव्हतं. पण सुनंदाला गोवर आला तेव्हा मला वाटलं, हा त्या मुठीचा दोष. यांना मास्तरकीत बढती मिळाली नाही, तोही त्या मुठीचाच. त्या वर्षी माझ्या मुठीतून थोडे गहू खाली सांडले. कुंदानं ते टिपून परातीत टाकले आणि म्हणाली, अक्का, हात का कापतो तुमचा, अजून शिवपुरीची थंडी लागली नाही.

ती अशी बोलायची. घरात कुणी तिला सांगितलं नव्हतं की हे शिवपुरीला का निघालेत. पण झुलालभाऊंच्या बायकोला पोटात काही ठेवता यायचं नाही, तेव्हा कुंदाच्या कानावर गेलंच असणार. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. एवढंच दिसलं की तिनं कॉलेजातल्या हस्तकलेच्या तासाला विणलेला मरदानी बिनबाह्यांचा स्वेटर उसवला आणि त्याच लोकरीचं सुनंदाला टोपडं आणि मोजे केले.

निघायला दोन दिवस होते आणि सासूबाईंना हिवतापानं धरलं. दातखिळी बसेस्तोवर थंडी, मग अंगाचा नुसता तवा. यांचा चेहरा मी पाहिला. त्यावर काळजी होती, आणि काळजीच्या खाली सुटका झाल्याचा भाव, अगदी स्पष्ट. म्हणाले, राहू दे, माय आजारी असताना कुठं जायचं. माझ्याही जिवात जीव आला. पण गोधडीतून सासूबाई म्हणाल्या, “मोठी आठे राही मनाजोडे. तुम्ही जा. पोरले संगे ल्या, कुंदाले ल्या. तठे तो व्हई ते त्याले सांगजो, माय अजून जित्ती शे.” तेव्हा आम्हाला कळलं की घरातल्या सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. फक्त कार्ड कुणाला ठाऊक नव्हतं.

मी राहणार आणि कुंदा जाणार. मी तिथं नसताना तिला ते दुसऱ्याच्या तोंडून कळणार. आता आजपर्यंतसारखं उद्यावर टाकता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी पडवीत प्रवासासाठी दशम्या करत होतो. दूध घालून कणीक मळलेली, मी लाटत होते, ती भाजत होती. मी पोळपाटाकडं बघत सांगायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत पोळपाटाकडंच बघत राहिले. पोस्टमन, कोपरा, गटार, तिचं घमेलं, सगळं. सांगायला फार वेळ लागला नाही. पाच वर्षं जे पोटात मावत नव्हतं ते दोन दशम्या भाजून होईतो संपलं.

कुंदानं तवा खाली उतरवला. म्हणाली, “काय लिहिलं होतं?”

“वाचलं नाही.”

“काहीच नाही?”

“नाव वाचलं.”

तिनं हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, “कोपरा कापलेला होता का फाटलेला?”

मी म्हणाले, आठवत नाही. ते खरं होतं, पण मला बोलतानाच ते खोट्यासारखं लागलं. वाटलं, आता ती रडेल, मला बोलेल, निदान परात उधळेल. ती म्हणाली, “मी कुंकू लावत असले की तुम्ही दुसरीकडं का बघायच्या, ते आज कळलं.” आणि तवा परत चुलीवर चढवला. “भासऱ्यांना सांगू नका. मी बघून येते.” उरलेल्या दशम्या आम्ही केल्या. एकही करपली नाही.

ते नऊ दिवस मी सासूबाईंच्या उशाशी काढले. यांची वही हे बरोबर घेऊन गेले होते, पण मला ती पाठ होती. आता भुसावळ. आता इटारसी, इथं चार तास बसावं लागेल. आता झाशी. सासूबाईंचा ताप एक दिवसाआड चढायचा, आणि त्या तापात त्या मला जीवरामच्या लहानपणीचं सांगायच्या, तो केळीच्या सोपटाच्या होड्या करून पाटात सोडायचा ते. मी त्यांच्या पायांना राख चोळायची आणि म्हणायची, हो का, असं का. माझ्या मनात तलावाचं पाणी इतकं गच्च भरलं होतं की त्या बोलायच्या थांबल्या की मला बुडाल्यासारखं व्हायचं. सहाव्या दिवशी पोस्टमन गल्लीत शिरला. मी आतून कडी लावून घेतली. तो शेजारच्यांकडं आला होता.

दहाव्या दिवशी सकाळी टांगा दारात थांबला. आधी सुनंदा उतरली, मग हे, मग कुंदा. मी तिच्या कपाळाकडं पाहिलं. कुंकू होतं. ती सासूबाईंपाशी जाऊन बसली, पायांना हात लावला आणि म्हणाली, “सासूबाई, ते नव्हते. माणूस दुसरा होता, पारोळ्याकडचा.” सासूबाईंनी मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं. मला पडवीत वेगळं काही सांगितलं नाही. हे मात्र धबधब्याबद्दल पुष्कळ बोलले. भदैया कुंडावर पाणी कसं पडतं, तुषार कसे अंगावर येतात, तलावाच्या काठावर मगरी लाकडासारख्या कशा पडून असतात. वाघ दिसला नाही. बोलता बोलता मध्येच थांबले आणि म्हणाले, ती खरी धीराची.

मला कळेना. यांनी माणूस पाहिला नव्हता का. ते सुनंदाकडून कळलं, तिच्या केसांना तेल लावताना. होड्यांच्या धक्क्यापर्यंत पायऱ्या होत्या. बाबा वरच उभे राहिले. त्यांचे पाय दुखत होते, असं तिला वाटलं. त्यांनी तिला म्हटलं, सुने, काकूला सांग, तिनंच खाली जाऊन पाहावं. तिनं शेजारी उभ्या असलेल्या काकूला तसं सांगितलं. काकू एकटी गेली. मी विचारलं, मग. सुनंदा म्हणाली, मग काही नाही, काकू पायरीवर बसली. तो होडीवालापण बसला, लांब. दोघं पाण्याकडं बघत होते. आम्ही सगळे शेंगदाणे संपवले तरी बसलेच होते.

मी तेल लावत राहिले. परक्या माणसाला, पारोळ्याकडच्या माणसाला, गाव कुठलं आणि नाव काय एवढं विचारायला किती वेळ लागतो. त्यासाठी कुणी पायरीवर बसत नाही. किंवा बसतही असेल. इतक्या लांब जाऊन माणूस दुसराच निघाला तर कुणीही खाली बसेल, आणि तो बिचारा गावाकडचं माणूस भेटलं म्हणून बसला असेल. मी दोन्ही बाजूंनी पाहिलं, पुष्कळ वर्षं पाहिलं. कुंदाला विचारलं नाही. ज्या बाईनं तिला वाचू न देता फाडलं, तिनं तिला कोणत्या तोंडानं विचारायचं.

सासूबाई बासष्ट साली गेल्या. हे एकोणऐंशीला शाळेतून निवृत्त झाले आणि पुढं पाच वर्षांनी झोपेतच गेले. शिवपुरीनंतर यांनी कुठल्याच सहलीचा बेत केला नाही. शाळेची सहल असली की दुसऱ्या मास्तरांना पाठवायचे. कार्डाचं यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. झुलालभाऊंनी केळीचा धंदा मुलावर सोपवला आणि ते कीर्तनाच्या नादी लागले. सुनंदा नाशिकला असते, तिला ना शिवपुरी आठवते ना पायऱ्या. कुंदा साठ साली अमळनेरजवळच्या एका शाळेत लागली, स्वतंत्र राहिली, पुढं मुख्याध्यापिका झाली. तिच्या हाताखालून गेलेल्या पोरी आज आज्या झाल्या आहेत. दर दिवाळीला ती आमच्याकडं यायची, माझ्या हातून ओवाळून घ्यायची, माझ्याशी हसूनखेळून असायची. सदतीस वर्षं मी वाट पाहिली की ती एक दिवस रागावेल, किंवा सांगेल. सत्त्याण्णव साली तिच्या शेजारणीचा फोन आला की बाई सकाळी गेल्या, कपाळावर कुंकू होतं. मी फोन ठेवला. मला रडू येण्याआधी हलकं वाटलं. आता ते कार्ड माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दोन क्षणांच्या हलकेपणाची लाज मला अजून वाटते, आणि ती सांगावी असं माणूस आता उरलेलं नाही.